घरपोच वृद्धसेवा चालवायची कशी? सुदामा नगरातली जमाखर्चाची वही उघडून विचारते आहे

वहीखाते
३ ऑगस्ट, रात्री ९:४०

नमस्कार. मी इंदूरची, सुदामा नगरची. शाळेतून निवृत्त होऊन सात वर्षं झाली. २०२२ च्या दिवाळीनंतर आमच्या भागातल्या काही जणींनी मिळून एक काम सुरू केलं. जे म्हातारे लोक घरी एकटे किंवा दोघंच राहतात, त्यांच्याकडे रोज दोन तास एक ताई जाते. अंघोळ घालणं, कपडे बदलणं, गोळ्या डबीत लावून ठेवणं, बीपी वहीत लिहिणं, ओट्यावर चार फेऱ्या मारून आणणं, गरम पोळी वाढून समोर बसून जेवू घालणं, एवढं काम. चोवीस तासांची आया सगळ्यांना लागत नाही आणि परवडतही नाही. पण हे दोन तास नसले की तोच माणूस चार महिन्यांत अंथरुणाला खिळतो, हे मी गल्लीत पाहिलं आहे.

आज आमच्याकडे नऊ ताया आहेत, एक समन्वयक आहे, आणि आठवड्यातून तीन दिवस एक सिस्टर येते. घरं २२. त्यातली १८ सुदामा नगर, द्रविड नगर, उषा नगर या पट्ट्यात आणि चार शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, विजय नगरात.

हिशेब माझ्याकडे असतो. गेली दोन वर्षं महिन्याला २७,००० रुपये कमी पडत आहेत. ते आमच्याच गल्लीतला एक मुलगा अमेरिकेतून पाठवत होता. त्याची आई आमच्याकडे पहिल्या दिवसापासून होती. जूनमध्ये ती गेली. त्याने स्वतःच फोन करून सांगितलं, "काकू, मार्चपर्यंत पाठवतो, पुढचं तुम्ही बघा." त्याला बोल लावण्यासारखं काही नाही. चूक आमची, की नऊ जणींचे पगार एका माणसाच्या भरवशावर ठेवले.

आता आकडे. एका भेटीचे २५० रुपये घेतो. एका ताईमागे महिन्याचा खर्च असा: पगार १३,५००, तिच्या सुट्टीच्या दिवशी बदली जाणारीचे १,१००, येण्याजाण्याचे ९००, समन्वयक आणि सिस्टरच्या मानधनातला वाटा २,६००, हातमोजे, फोन, किरकोळ ५००. एकूण १८,६००. ताईच्या दिवसात तीन भेटी बसल्या आणि महिन्याचे २६ दिवस धरले तर १९,५०० येतात. सगळं भागून ९०० उरतात. पण तीन बसत नाहीत. आमची सरासरी २.४ आहे. म्हणजे १५,६००. प्रत्येक ताईमागे ३,००० ची तूट, नऊ जणींचे २७,०००.

तिसरी भेट का बसत नाही, हे मी वहीत लाल पेनने लिहायला लागले. कारणं तीनच निघाली. एक म्हणजे अंतर. विजय नगरातल्या दोघी जणींचा दिवस रस्त्यातच जातो, त्यांच्या दोनच भेटी होतात. दुसरं, आजी-आजोबा दवाखान्यात भरती झाले की भेट बंद. आणि तिसरं म्हणजे मुलं आली की बंद. डिसेंबरात पुण्याहून, अमेरिकेहून मुलं येतात आणि आदल्या रात्री निरोप येतो, "तीन आठवडे ताईंना नका पाठवू." त्या घरचा आनंद मला कळतो. पण त्या तीन आठवड्यांचा ताईचा पगार मी कापू शकत नाही, तिच्याही घरी चूल आहे.

माझ्या डोक्यात असं आलं आहे: ज्यांना आज सेवा नको आहे, अशा घरांकडून महिना ३०० रुपये वर्गणी घ्यावी. बदल्यात महिन्यातून एकदा ताई येऊन बीपी बघेल, घरात कुठे पाय घसरेल ते सांगेल, आणि गरज पडली की पहिला नंबर त्यांचा. ९० घरं झाली तर बरोबर २७,००० होतात. हे टिकेल का? कुठे चुकतंय? मोकळेपणाने सांगा.

बेंगळुरूची_लेक
३ ऑगस्ट, रात्री ११:०५

काकू, तुमची वही वाचून डोळे भरून आले. माझे बाबा इंदूरला लोकमान्य नगरात राहायचे. मी एका एजन्सीतून चोवीस तासांची बाई ठेवली होती, महिना २६,००० देऊन. पाच महिन्यांत चार बाया बदलल्या. शेवटच्या बाईंनी बाबांचं फार मनापासून केलं. त्यांना विचारलं तेव्हा कळलं की त्यांच्या हातात १४,००० पडतात. मी पैसे देत होते ते बाबांच्या सेवेसाठी, आणि त्यातला जवळजवळ निम्मा भाग भलतीकडेच जात होता. तुमच्या १८,६०० मधले १३,५०० ताईच्या हातात जातात, हे वाचून बरं वाटलं. तुम्ही तेव्हा असतात तर मी भेटीचे ३०० सुद्धा दिले असते.

जुना_इंदुरी
४ ऑगस्ट, सकाळी ७:२०

मला हे पटत नाही. आईवडिलांचं करणं हे मुलांचं काम. त्याचं दरपत्रक कशाला? २००७ च्या कायद्याने आईवडिलांना मुलांकडून निर्वाहासाठी महिना १०,००० पर्यंत मागता येतात. मुलांना जाब विचारायला हवा.

बेंगळुरूची_लेक
४ ऑगस्ट, सकाळी ८:०२

काका, मी जाब द्यायला तयार आहे. दर महिन्याला पैसे पाठवत होते, दर दीड महिन्याला येत होते. पण सकाळी आठ वाजता बाबांच्या पाठीला साबण लावायला मी तिथे नव्हते. कायद्याने पैसे मिळतात, हात मिळत नाहीत. ज्यांना मुलंच नाहीत, किंवा ज्यांची मुलं स्वतः सत्तरीला आली आहेत, त्यांचं काय?

जुना_इंदुरी
४ ऑगस्ट, सकाळी ८:३१

शेवटचा मुद्दा मान्य. माझी मोठी बहीण ८४ ची आहे, तिचा मुलगा ६२ चा आणि त्याच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय.

हिशेबतपासनीस
४ ऑगस्ट, सकाळी १०:१५

वहीखाते ताई, वही फार स्वच्छ आहे. पण ९० चा आकडा चुकतोय, तो आधी दुरुस्त करू.

वर्गणीच्या बदल्यात तुम्ही महिन्याला एक भेट देणार. ती भेट फुकट पडत नाही. अर्धा तास तिथे आणि जायला-यायला दहा-पंधरा मिनिटं धरली तर ९० घरांचे ६५ तास होतात. तुमच्या ताईचा महिना २०८ तासांचा. तिच्या एका तासाचा खर्च साधारण ९० रुपये. म्हणजे प्रत्येक वर्गणीतले ६५ रुपये भेटीतच जाणार, हातात उरणार २३५. २७,००० भरून काढायला ११५ घरं लागतील.

दुसरं. नऊ ताया, समन्वयक, सिस्टर मिळून तुमची माणसं ११ होतात. दहा किंवा जास्त माणसं झाली की ईएसआयसीकडे, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याकडे, डोळेझाक करू नका. २१,००० पर्यंत पगार असणाऱ्याला ते संरक्षण मिळतं. मालकाचा वाटा ३.२५ टक्के, कामगाराचा ०.७५ टक्के. नऊ जणींचा तुमच्याकडचा वाटा महिना ४,००० च्या जवळ जातो. तूट झाली ३१,०००, घरं झाली १३२. तायांना स्वतःच्या आजारपणात उपचार मिळतील, आणि हे काम करणाऱ्या बाईची पाठ आणि गुडघे लवकर जातात, म्हणून हा खर्च वाचवण्यातला नाही. वीस माणसं झाली की पीएफही येईल, त्याची तयारी आत्तापासून ठेवा.

संस्था म्हणून नोंदणी झाली आहे का? सात जणांची सोसायटी मध्यप्रदेशच्या १९७३ च्या कायद्याखाली होते. पण मला विचाराल तर सहकारी संस्थांचा कायदाही वाचा. सहकारी संस्थेत तायाच सभासद होतात, वही त्यांच्यासमोर उघडते, आणि दर ठरवताना त्यांचं मत धरावं लागतं.

वहीखाते
४ ऑगस्ट, दुपारी १२:५०

मनापासून आभार. ६५ रुपयांचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सोसायटी आहे, सहकारीचा विचार केला नव्हता. १३२ घरं ऐकून जरा धास्तावले आहे.

राजवाडा_ते_रणजीत_हनुमान
४ ऑगस्ट, दुपारी ३:३०

धास्तावू नका काकू. आपल्याच शहरात बघा. घरोघरी कचरा गाडी सुरू झाली आणि तिचं महिन्याचं शुल्क आलं तेव्हा आमच्या गल्लीत सगळे म्हणाले, कचऱ्याचे कोण पैसे देणार? आज देतात. कोणाच्या घरी रोज दोन बादल्या कचरा निघतो, कोणाचं घर महिनाभर बंद असतं, तरी देतात, कारण सकाळी गाडी ठरल्या वेळेला दारात उभी राहते. २०१७ पासून इंदूर स्वच्छतेत पहिलं येत राहिलं त्याला जसे सफाई कामगार कारण आहेत, तशी ही सवयही कारण आहे. वर्गणी मागायला जाल तेव्हा पहिल्या महिन्याची भेट आधी द्या, पावती नंतर फाडा.

निवृत्त_बँकवाला
४ ऑगस्ट, संध्याकाळी ६:१०

मी आकड्यांतलाच माणूस, तेव्हा देणाऱ्याच्या बाजूनेही बघू.

एखाद्या मध्यमवर्गीय जोडप्याने आयुष्यभर साठवून ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका नावावर जास्तीत जास्त म्हणजे ३० लाख ठेवले. ही मर्यादा एप्रिल २०२३ पासूनची. ८.२ टक्के दराने तिमाहीला ६१,५०० येतात, महिन्याचे २०,५००. ज्याने पूर्ण मर्यादा भरली त्याचाही सगळा व्याजाचा पैसा चोवीस तासांच्या आयेला पुरत नाही. तुमच्या रोजच्या भेटीचे महिन्याचे ६,५०० होतात. ते या माणसाला झेपतात. म्हणून दोन तासांची ही सेवा आपल्यासारख्या घरांसाठी योग्य मापाची आहे असं मला वाटतं.

पण खाजगी नोकरीतून निवृत्त झालेले किती तरी लोक ईपीएफच्या पेन्शनवर आहेत, त्यातलं किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपये आहे. त्यांच्याकडे सुदामा नगरात स्वतःचं घर आहे, आणि हातात रोकड नाही. अशांसाठी रिव्हर्स मॉर्टगेज २००७ पासून आहे. घर बँकेकडे तारण, राहायचं तिथेच, आणि बँक दरमहा रक्कम देते. माझ्या शाखेत इतक्या वर्षांत दोनच अर्ज आले, आणि दोन्ही वेळा मुलांनी येऊन परत घेतले. घर मुलांनाच जायला हवं, ही गाठ मनात इतकी घट्ट आहे की त्यापायी आईवडील स्वतःच्या घरात अंघोळीविना बसतात. हे मी कळकळीने लिहितो आहे. ज्यांच्या मुलांनी स्वतःची घरं बांधली आहेत त्यांनी तरी आईवडिलांपुढे हा विषय आपणहून काढावा.

आयुष्मानचं सांगतो, कारण लोकांचा गैरसमज होतो. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीवरच्या सगळ्यांना उत्पन्न न बघता वर्षाला ५ लाखांपर्यंतचं वय वंदना कार्ड मिळतं. कार्ड जरूर काढा. पण ते भरती होण्यासाठी आहे. घरी परतल्यावर अंघोळ कोण घालणार, हा खर्च त्यात येत नाही.

मालवा_मिल
४ ऑगस्ट, रात्री ९:००

सगळं वाचलं. काम चांगलं आहे, पण मला एक विचारायचं आहे. ६,५०० झेपणारी घरं आपल्यातली आहेत. माझे वडील हुकुमचंद मिलमध्ये होते. मिल १९९१ मध्ये बंद पडली. कामगारांच्या थकबाकीचे २२४ कोटी डिसेंबर २०२३ मध्ये सुटले, बत्तीस वर्षांनी. तोवर माझ्या वडिलांसारखे कित्येक जण गेलेले होते. त्यांच्या विधवा अजून आमच्या चाळीत आहेत. वृद्धावस्था पेन्शनमध्ये केंद्राचा वाटा ऐंशी वर्षांपर्यंत २०० आणि नंतर ५०० रुपये. राज्य आपली भर घालतं तरी महिन्यात तुमच्या चार भेटी होणार नाहीत.

समोरच्या खोलीतल्या आजींना तीन मुली, तिघी लग्न होऊन लांब. त्या आजी अंघोळ आठवड्यातून एकदा करतात, कारण पाण्याची बादली उचलवत नाही. त्यांच्यासाठी तुमच्या वहीत पान आहे का?

वहीखाते
४ ऑगस्ट, रात्री १०:२५

मालवा मिल, आज नाही. खरं सांगते, सुरुवातीला होतं. दोन घरी आम्ही पैसे न घेता जात होतो. पण तूट वाढली तेव्हा त्या भेटी आधी आठवड्यातून तीनवर आल्या, मग एकवर, मग बंद झाल्या. कोणी ठरवून बंद केल्या नाहीत. पैसे देणाऱ्या घरची ताई आजारी पडली की बदली म्हणून या पैसे न देणाऱ्या घरची ताई काढली जायची, एवढंच. ते माझ्या मनाला अजून लागून आहे.

मलबारात_मराठी
५ ऑगस्ट, सकाळी ६:४५

मी नोकरीनिमित्त अठरा वर्षं कोझिकोडला आहे. मालवा मिल यांच्या प्रश्नाला इथे एक उत्तर घडलं आहे, ते लिहितो.

१९९३ मध्ये इथल्या मेडिकल कॉलेजच्या आवारात काही डॉक्टरांनी आणि मित्रांनी वेदनाशामक सेवेची संस्था सुरू केली. दवाखान्यापर्यंत येऊ न शकणाऱ्या रुग्णांचा प्रश्न उरलाच. मग २००० नंतर शेजारच्या मलप्पुरम जिल्ह्यात गावोगावचे लोक पुढे आले. दुकानात डबा ठेवायचा, शाळेत डबा फिरवायचा, घरटी महिन्याला दहा-वीस रुपये. त्यातून नर्सचा पगार आणि गाडी. गावातलेच स्वयंसेवक नर्सबरोबर घरोघर जातात. २००८ मध्ये केरळ सरकारने यासाठी धोरण केलं आणि पुढे पंचायतींनी नर्स नेमल्या. रुग्णाकडून पैसे घेत नाहीत.

आता फरकही सांगतो, नाहीतर चुकीची आशा लागेल. तिथली टीम रोज अंघोळ घालायला येत नाही. ती आठवड्याने, पंधरा दिवसांनी येते आणि रोजचं काम घरच्यांना शिकवते. दर दोन तासांनी कूस बदलायची, बेडसोर कसा ओळखायचा, चादर न काढता कशी बदलायची. म्हणून थोड्या पैशांत खूप घरं होतात. चाळीतल्या आजींसाठी हा भाग घेता येईल. चाळीत माणसं आहेत. शेजारच्या दोन मुलींना महिनाभर तुमच्या सिस्टरनी शिकवलं आणि ताई आठवड्यातून दोनदा गेली, तर खर्च रोजच्या भेटीच्या एक-तृतीयांशावर येतो.

आणि देणगीच्या पैशाबद्दल. तुमचा अमेरिकेतला मुलगा पैसे पाठवत होता ते तूट भरायला गेले. तूट भरली गेली म्हणून तुम्ही अंतराचा प्रश्न दोन वर्षं सोडवला नाहीत. रागावू नका. देणगीचं खातं वेगळं करा, आणि त्यातला रुपया फक्त न देऊ शकणाऱ्यांच्या भेटींवरच खर्च करा. त्या भेटीचे २५० वहीत पुरे जमा दाखवा, देणारा वेगळा एवढंच. मग ताई आजारी पडली की आजींची भेट आधी कापली जाणार नाही, कारण वहीला ती भेट इतर भेटींसारखीच दिसेल.

वहीखाते
५ ऑगस्ट, सकाळी ९:१०

रागावले नाही. शेवटच्या चार ओळी कागदावर उतरवून घेतल्या आहेत.

ॲमस्टेलवीनकर
५ ऑगस्ट, दुपारी २:००

नेदरलँड्समधून लिहितेय. इथे बुर्टझोर्ग म्हणून एक संस्था २००६ मध्ये चार नर्सेसनी सुरू केली. शब्दाचा अर्थच शेजारची काळजी. आज देशभर पसरली आहे. त्यांचा नियम असा की एका टीममध्ये बारापेक्षा जास्त माणसं नाहीत आणि टीमने आपल्याच वस्तीत काम करायचं. वर साहेब नाही, वेळापत्रक टीमच लावते. सायकलवरून एका घरातून दुसऱ्या घरात.

त्यांच्यामागे मात्र विम्याचा पैसा आहे. इथे दीर्घकाळच्या शुश्रूषेचा सक्तीचा विमा १९६८ पासून आहे, नंतर त्याची रचना बदलली तरी नर्सचं बिल विमाच देतो. आपल्याकडे ते नाही, म्हणून ते सगळं जसंच्या तसं इंदूरला उतरणार नाही. वस्तीचा नियम मात्र उतरतो. काकूंच्या वहीतली लाल पेनची पहिली ओळ तेच सांगते आहे.

फिजिओ_राजेंद्रनगर
५ ऑगस्ट, दुपारी ४:४०

वर्गणीच्या महिन्याच्या भेटीत बीपीपेक्षा बाथरूम आधी बघा. दांडा, रबराची चटई, रात्रीचा दिवा, गाऊनची लांबी. माझ्याकडे खुब्याचं हाड मोडून येणाऱ्यांपैकी बहुतेक जण घरातच पडलेले असतात. लोकांना या भेटीचं मोल पटवून द्यायला मी दर महिन्याला एक रविवार तुमच्याबरोबर घरोघर यायला तयार आहे.

सकाळची_पाळी
५ ऑगस्ट, रात्री १०:५०

काकूंनी मला हा धागा दाखवला. मी त्यांच्याकडे काम करते, विजय नगरच्या दोघींपैकी मी एक. माहेर बुरहानपूरचं. या कामात अकरा वर्षं झाली.

आधी मी एजन्सीत होते. एकाच घरी चोवीस तास, आजोबांच्या खाटेखाली गादी टाकून झोपायचं. महिन्यात दोन छुट्ट्या. पेशंट गेला की त्याच संध्याकाळी पिशवी घेऊन निघायचं, दुसऱ्या दिवसापासून पगार नाही. ज्याचं तुम्ही आठ महिने केलं त्याच्यासाठी रडायला पण टाइम नाही, दुसरं घर शोधायचं असतं. जूनमध्ये सुदामा नगरच्या आजी गेल्या तेव्हा त्यांच्याकडे जाणाऱ्या आमच्या ताईला काकूंनी पूर्ण पगार दिला आणि दोन दिवस घरी बसवलं. ते पैसे कुठून येतात ते मला हा धागा वाचून कळलं.

मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. भेटीचे २० रुपये वाढवले तर कोणी नाही म्हणणार नाही असं मला वाटतं, घरची माणसं आमच्याशी बोलतात. पण ते वाढलेले पैसे तूट भरायला घेऊ नका, आम्हाला द्या. दोन जणी बंगल्यावर स्वयंपाकाला जायचं म्हणतात, तिथे कमी कामात जास्त मिळतात. ताई गेली तर घर पण जातं, कारण आजी-आजोबांना हात ओळखीचा लागतो.

दुसरं, दवाखान्यात भरती झाले की भेट बंद का करायची? तिथे अटेंडर लागतोच. आजोबा भरती असतात आणि आजी तीन-तीन दिवस बाकड्यावर बसलेल्या असतात. मी दोन तास तिथे बसले तर त्या घरी जाऊन अंघोळ करून जेवून येतील. मी तेच करीन जे घरी करते. पैसे तेच.

हिशेबतपासनीस
५ ऑगस्ट, रात्री ११:३०

ताई, दवाखान्याचा मुद्दा इतक्या लोकांत एकालाही सुचला नव्हता.

तुमच्या महिन्याच्या भेटी ५६२ च्या आसपास होतात. २० रुपये वाढले तर ११,२४०. नऊ जणींत वाटले तर प्रत्येकीला १,२५० च्या जवळ. माझं मत, ते पगारातच जावेत.

सयाजीगंज
६ ऑगस्ट, सकाळी ११:२०

वडोदऱ्याहून. आमच्याकडे मराठी मंडळींनी पाच-सहा वर्षांपूर्वी वेळेची बँक करून पाहिली. आज तुम्ही कोणाकडे चार तास द्या, पुढे तुम्हाला चार तास मिळतील. स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॅलन शहरात ही योजना आहे, पण तिथे शहराची नगरपालिका त्या तासांची हमी देते. आमच्याकडे हमी कोणाचीच नव्हती. पहिली दोन वर्षं साठीतले लोक उत्साहाने आले. मग तेच स्वतः थकले, तास मागायला लागले, आणि द्यायला नवीन कोणी नव्हतं. गप्पा मारायला, बँकेत सोबत जायला स्वयंसेवक टिकतात. रोज सकाळी अंघोळ घालायला पगारी माणूसच हवा. काकू, तुमच्या १३२ वर्गण्यांतही हे बघा. सगळे सत्तरीचे घेतलेत तर पाच वर्षांनी एकदम गरज येईल. चाळिशीतली घरं निम्मी तरी हवीत.

वहीखाते
२४ ऑगस्ट, रात्री ९:१५

तीन आठवड्यांनी लिहिते आहे, माफ करा. रोज संध्याकाळी घरं फिरत होतो.

१७ तारखेला आम्ही सगळ्या बसलो, तायांसकट. वही मधोमध ठेवली. दर १ सप्टेंबरपासून २७० होतो आहे आणि वाढीव पैसे पगारात जाणार. दवाखान्यातली भेट सुरू झाली, या आठवड्यात दोन घरांनी घेतली. मुलं येणार असतील तर आठ दिवस आधी सांगायचं, नाहीतर पहिल्या आठवड्याचे निम्मे पैसे, हे सगळ्या घरांना समजावून सांगितलं. एका घरी नाराजी झाली, बाकीच्यांनी मानलं. देणगीचं खातं वेगळं उघडलं आणि अमेरिकेतल्या मुलाला लिहिलं की मार्चपर्यंतचे पैसे यापुढे अर्धेच तुटीला घेऊ, अर्धे या खात्यात टाकू. त्याचं उत्तर आलं, की आईच्या नावाने या खात्यात तो पुढेही देईल, जमेल तितके. मालवा मिल, तुमच्या चाळीतल्या आजींकडे सिस्टर गुरुवारी जाऊन आल्या. शिकायला दोन मुली तयार आहेत, त्यातली एक तुमची पुतणी.

वर्गणीची घरं ४१ झाली. त्यातली १९ चाळिशी-पन्नाशीतली, सयाजीगंज यांचं ऐकून मुद्दाम तिकडे गेलो. फिजिओ दादा एका रविवारी आले, त्या दिवशी एकट्या उषा नगरात नऊ पावत्या फाटल्या.

पण एक गोष्ट सुटत नाही. बैठकीत बहुतेकींचं म्हणणं पडलं की विजय नगरची चार घरं बंद करावीत. हिशेबाने त्या बरोबर आहेत. दोघी ताया इकडे आल्या तर त्यांच्या तीन-तीन भेटी होतील, इकडे मागणी आहे. पण त्या चारांतल्या एका घरी ८९ वर्षांचे आजोबा एकटे आहेत, दिसत नाही त्यांना. ताईच्या पायऱ्यांवरच्या पावलांवरून ते तिला ओळखतात. मी दोन रात्री झोपले नाही.

हिशेबतपासनीस
२४ ऑगस्ट, रात्री १०:००

बंद करण्याआधी हे बघा. विजय नगरात त्याच गल्ल्यांत आणखी दोन घरं मिळाली तर तिथल्या दोघींच्या तीन-तीन भेटी तिथेच होतात. महिन्याच्या ५२ भेटी वाढल्या, जुन्या २५० च्या दराने १३,०००. वर्गणीच्या भाषेत ५५ घरं. म्हणजे १३२ नाही, ७७ पुरतात, आणि ४१ तुमच्याकडे आहेतच. तिथे दुसरी वस्तीच उभी करा. दोनच घरं हवी आहेत.

ॲमस्टेलवीनकर
२४ ऑगस्ट, रात्री ११:४०

+१. आणि त्या वस्तीचं वेळापत्रक त्या दोघी तायांनाच लावू द्या.

स्कीम_५४
२५ ऑगस्ट, सकाळी ६:५५

मी पहिल्या दिवसापासून फक्त वाचत होते. आज लॉगिन करून लिहितेय. मी विजय नगरातच, स्कीम नंबर ५४ मध्ये राहते. माझ्या सासूबाईंना मे महिन्यात पॅरालिसिसचा झटका आला, डावी बाजू गेली. मी सकाळी साडेआठला ऑफिसला निघते, त्यांना घाईघाईत स्पंज करते, आणि दिवसभर मनातून ते जात नाही. आमच्या मागच्या गल्लीत एक सिंधी काका-काकू आहेत, दोघंही ऐंशीच्या पुढचे, काकूंना पार्किन्सन्स आहे. काल रात्री जाऊन त्यांना विचारून आले. ते हो म्हणाले, फक्त ताईंना हिंदी यायला हवं.

वहीखाते काकू, तुम्ही आणि सकाळची पाळी ताई रविवारी याल का? साडेदहाला मी चौकात थांबते.

सकाळची_पाळी
२५ ऑगस्ट, सकाळी ७:१०

हिंदी येतं. रविवारी माझी छुट्टी असते, पण येते. आजोबांकडून चालत दहा मिनिटं आहे तुमचं घर.